पंपाशिवाय पन्नास मीटर

जर्मनीच्या साधारण मध्यावर, फुल्डा नदीच्या काठी, कासेल नावाचं दोन लाख वस्तीचं शहर आहे. शहराच्या पश्चिमेला डोंगर आहे. १ मे ते ३ ऑक्टोबर या काळात दर बुधवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी अडीच वाजता त्या डोंगराच्या माथ्यावर माणसं हाताने झडपा उघडतात आणि पाणी सोडतात. सव्वा तासाने, डोंगराच्या खालच्या अंगाला, राजवाड्याजवळच्या तळ्यातून पाण्याचा एक खांब पन्नास मीटर उंच चढतो, सोळा मजली इमारतीएवढा. या सगळ्या खेळात एकही पंप नाही, वीज नाही, इंजिन नाही. तीनशे वर्षांपूर्वी सुरू झालेला हा खेळ आजही केवळ उतारावर चालतो.

हे शक्य कसं होतं? गच्चीवर टाकी असलेल्या इमारतीत तळमजल्याच्या नळाला जोर जास्त असतो, हे आपण रोज बघतो. इथलं तत्त्व तेच. डोंगरावर ठिकठिकाणी तळी बांधलेली आहेत. पावसाचं आणि ओढ्यांचं पाणी त्यांत साठतं. तिथून नळ खाली येतात. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढतो. पन्नास मीटर उंच उडायचं तर पाण्याला तोटीतून ताशी सुमारे एकशे दहा किलोमीटर वेगाने बाहेर पडावं लागतं, आणि तेवढा वेग यायला पाच वातावरणांचा दाब हवा. प्रत्यक्षात त्याहूनही जास्त लागतो, कारण वाटेत नळाच्या भिंतींचं घर्षण आहे आणि वर हवेचा अडथळा आहे. म्हणून तळं कारंज्याच्या टोकापेक्षाही बरंच वर असावं लागतं. एका खेळाला सुमारे साडेसात लाख लिटर पाणी लागतं. तळी पुन्हा भरायला वेळ हवा, म्हणून खेळ रोज होत नाही. इथे वेळापत्रक पाणीच ठरवतं.

या डोंगरी बागेचं नाव विल्हेल्म्सहोए. २०१३ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. पण तिची सुरुवात एका राजाच्या प्रवासाने झाली. हेसन-कासेल हे तेव्हाच्या जर्मनीतलं एक मध्यम आकाराचं संस्थान. तिथला राजा कार्ल १६९९च्या हिवाळ्यात इटलीला गेला, तिथल्या टेकड्यांवरचे पाण्याचे जिने आणि कारंजी बघून भारावला, आणि परतल्यावर त्याने जोव्हान्नी फ्रान्चेस्को ग्वेर्निएरो या इटालियन वास्तुकाराला बोलावून घेतलं. १७०१मध्ये काम सुरू झालं. डोंगरमाथ्यावर अष्टकोनी दगडी महाल, त्यावर पिरॅमिड आणि पिरॅमिडच्या टोकावर हर्क्युलिस उभा राहिला. पायापासून डोक्यापर्यंत सगळं मिळून सत्तर मीटर. हर्क्युलिसचा पुतळाच आठ मीटरहून उंच आहे आणि तो ओतीव नाही. आउग्सबुर्गचा सोनार योहान याकोब आन्टोनी याने तांब्याचे पत्रे ठोकून ठोकून तो घडवला आणि १७१७मध्ये तो माथ्यावर चढवला. जन्मभर दागिने घडवणाऱ्याच्या हातून एवढा देह निघाला, ही गोष्ट मला पुतळ्याच्या आकाराहूनही मोठी वाटते.

हर्क्युलिसच्या पायाशी पाण्याचे जिने सुरू होतात. अडीचशे मीटर लांबीचे. ग्वेर्निएरोच्या आराखड्यात ते थेट राजवाड्यापर्यंत उतरणार होते, पण जेमतेम एक तृतीयांश बांधून झाले. वरच्या कुंडात एन्केलाडस या राक्षसाचं दगडी डोकं आहे. हर्क्युलिसने त्याला हरवून डोंगराखाली गाडलं अशी कल्पना. त्याच्या तोंडातून पाण्याचा फवारा आकाशाकडे सुटतो, बाजूला उभ्या असलेल्या अश्वमानवाचं शिंग वाजू लागतं, आणि पायरीपायरीवरून पांढरी चादर खाली येते. प्रेक्षक तेवढ्यात उठलेले असतात. इथे बसून बघायची सोय नाही, कारण पाणी पुढे निघतं आणि माणसांना त्याच्याबरोबर डोंगर उतरावा लागतो. श्टाइनहोएफर धबधबा, मग सैतानाचा पूल, मग मोडक्या रोमन जलसेतूसारखा दिसणारा जलसेतू आणि शेवटी महाकारंजं. शेकडो माणसं आजीआजोबा, मुलं, कुत्री घेऊन वाटा तुडवत खाली येतात आणि प्रत्येक थांब्यावर पाण्याची वाट बघत उभी राहतात.

उतरताना एक बदल ध्यानात येतो. वर सगळं सरळ रेषेत, मोजून मापून आहे. पाणी राजाच्या हुकमात चालतं. खाली आल्यावर तेच पाणी मोकाट, रानटी दिसू लागतं. हा दोन काळांतला फरक आहे. वरचा भाग १७००च्या सुमाराचा. खालचा त्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांनी उभा राहिला, तेव्हा युरोपात निसर्गासारखी दिसणारी बाग आवडू लागली होती. कार्ल श्टाइनहोएफर नावाच्या जलतंत्रज्ञाने आयुष्य या डोंगरावर घालवलं. महाकारंजं त्याचंच. त्याच्या नावाचा धबधबा बघताना तो माणसाने रचलेला आहे यावर विश्वास बसत नाही. दगड असे पडलेत की जणू एखाद्या पुराने आणून टाकलेत. हुकमी पाणी आणि रानटी पाणी, दोन्ही सारखीच कृत्रिम, आणि दोन्हींना हलवणारं बळ मात्र अस्सल नैसर्गिक.

पंपाची गोष्ट मात्र इथे अगदीच आली नाही असं नाही. कार्लच्या पदरी देनी पापँ नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ होता. आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेशर कुकरचा मूळपुरुष त्याचा. १६७९ साली त्याने झाकण घट्ट बसवलेलं, वाफेच्या दाबावर शिजवणारं भांडं तयार केलं आणि ते फुटू नये म्हणून त्याला सुरक्षेची झडपही बसवली. १६९५मध्ये तो कासेलला राहायला आला. राजाला पाणी वर चढवायचं होतं, पापँला वाफेला कामाला लावायचं होतं. १७०६ साली त्याने कासेलमध्ये वाफेवरचा पंप चालवून दाखवला. पण यंत्र टिकाऊ ठरलं नाही, आणि पुढच्याच वर्षी पापँ शहर सोडून गेला. डोंगराने आपलं काम गुरुत्वाकर्षणावरच चालू ठेवलं. वाफेचा जमाना आला आणि गेला. डोंगरावरच्या झडपा आजही हातानेच उघडल्या जातात.

या सौंदर्याचा पैसा कुठून आला हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. हेसन-कासेलचे राजे आपलं सैन्य भाड्याने द्यायचे. कार्लच्या काळातच ही रीत पडली. त्याचा नातू दुसरा फ्रीडरिष याने १७७६मध्ये इंग्लंडशी करार केला आणि अमेरिकेतल्या स्वातंत्र्ययुद्धात लढायला आपल्या प्रजेतले बारा हजारांहून अधिक सैनिक पाठवले. शेतकऱ्यांची, कारागिरांची पोरं परक्या भांडणात समुद्रापार गेली. हजारो परतली नाहीत. इंग्रजांकडून मिळालेल्या पैशाने संस्थानाची तिजोरी भरली. त्याच फ्रीडरिषने शहराच्या मधोमध फ्रिडेरिसियानुम बांधलं. १७७९ साली उघडलेली ही इमारत युरोपच्या मुख्य भूमीवर सर्वसामान्यांसाठी मुद्दाम बांधलेल्या अगदी पहिल्या संग्रहालयांपैकी एक. राजाच्या खासगी दालनातली पुस्तकं, प्राचीन मूर्ती, निसर्गातल्या नवलाच्या वस्तू कोणाही नागरिकाला येऊन बघता येऊ लागल्या. ज्या माणसाने प्रजेला विकलं, त्यानेच प्रजेसाठी दार उघडलं. कासेलमध्ये फिरताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धराव्या लागतात. त्याचा पुतळा आजही इमारतीसमोरच्या चौकात आहे आणि चौकाला नावही त्याचंच.

विल्हेल्म्सहोएच्या राजवाड्यातल्या चित्रसंग्रहालयाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यासाठी वेगळा लेख लागेल. रेम्ब्रांटचं १६५६मधलं ‘याकोब योसेफच्या मुलांना आशीर्वाद देतो’ हे चित्र इथे आहे. आंधळा होत चाललेला म्हातारा, नातवाच्या डोक्याकडे गेलेला हात आणि सगळ्यांवर पडलेला ऊबदार उजेड. त्या एका चित्रासाठीही कासेलला यावं. नेपोलियनच्या सैन्याने १८०६मध्ये संस्थान जिंकलं तेव्हा इथली अनेक चित्रं सम्राज्ञी जोसेफिनकडे गेली आणि तिच्या मृत्यूनंतर रशियाच्या झारने विकत घेतली. ती आता सेंट पीटर्सबर्गला आहेत. नियती अशी की नेपोलियनचा पुतण्या तिसरा नेपोलियन १८७०मध्ये प्रशियाच्या हाती लागला, तेव्हा त्याला कैदी म्हणून याच राजवाड्यात ठेवलं होतं.

राजवाड्याच्या वरच्या उतारावर लोएवेनबुर्ग हा किल्ला आहे. तो १७९३ ते १८०१ या काळात बांधला, आणि तोही मुद्दाम पडका. तेव्हाच्या राजाला शूर सरदारांच्या काळातला भग्न किल्ला हवा होता, म्हणून वास्तुकार हाइन्रिष युसोव्हने ढासळलेल्या भिंतींसकट तो नव्याने उभारला. दुसऱ्या महायुद्धात त्यावर बाँब पडले आणि मुख्य बुरूज खरोखरच कोसळला. अलीकडे तो पुन्हा बांधून पूर्ण झाला आहे.

शहरात उतरलं की निसर्गविज्ञान संग्रहालय चुकवू नये. त्याची इमारत, ओटोनेउम, १६०६च्या सुमाराला नाट्यगृह म्हणून बांधली गेली. जर्मनीतलं ते पहिलं कायमचं नाट्यगृह. आत एक ग्रंथालय आहे, त्यातली पुस्तकं झाडांबद्दलची आहेत आणि झाडांचीच आहेत. कार्ल शिल्डबाख हा राजाच्या प्राणिसंग्रहाची व्यवस्था बघणारा माणूस. १७७१ ते १७९९ या काळात त्याने ५३० लाकडी ‘ग्रंथ’ तयार केले. प्रत्येक ग्रंथ म्हणजे एका झाडाची पेटी. पाठीला त्या झाडाची साल, सालीवर त्या झाडावर वाढणारं शेवाळ. बाजूंना त्याच लाकडाचे आडवे-उभे छेद. पेटी उघडली की आत फांदी, पानं, फूल, फळ, बी, रोप, कळीपासून फळापर्यंतचा सगळा प्रवास. जे वाळून टिकणार नव्हतं ते त्याने मेणात घडवलं. एक झाड हातात घेऊन वाचता यावं म्हणून या माणसाने अठ्ठावीस वर्षं दिली! २०१२ साली अमेरिकन कलावंत मार्क डायन याने या ग्रंथांसाठी सहा बाजूंचं नवं दालन तयार केलं आणि त्यांत नव्या सहा ग्रंथांची भर घातली.

तिथेच एका आशियाई हत्तीचा सांगाडा आहे. तो राजाच्या प्राणिसंग्रहात होता आणि १७८०मध्ये मेला. चार वर्षांनी त्याची कवटी एकाने उसनी मागवली. मागवणारा होता कवी गटे. माणसाच्या वरच्या जबड्यात प्राण्यांसारखं एक मधलं हाड असतं का, या प्रश्नाने त्याला पछाडलं होतं. माणूस आणि प्राणी यांच्यात पक्की भिंत आहे असं मानणाऱ्यांना ते हाड नको होतं. गटे ते शोधत होता आणि त्या शोधात कासेलच्या हत्तीने त्याला साथ दिली.

ग्रिम बंधूंचं नावही याच शहराशी बांधलेलं आहे. याकोब आणि विल्हेल्म लहानपणी शिकायला कासेलला आले आणि आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं इथे राहिले. दोघेही फ्रिडेरिसियानुममधल्या ग्रंथालयात काम करायचे. परीकथांचा पहिला भाग १८१२मध्ये निघाला. त्या कथा त्यांनी रानोमाळ हिंडून गोळा केल्या अशी आपली समजूत असते. पुष्कळशा कथा खरं तर त्यांच्या घरात चालत आल्या. सगळ्यात मोठा ठेवा आणला डोरोथेआ फीमान या बाईने. तिच्या वडिलांची कासेलबाहेर हमरस्त्यावर खाणावळ होती. गाडीवान, सैनिक, फिरते कारागीर तिथे उतरायचे, गोष्टी सांगायचे, आणि ती पोर ऐकायची. म्हातारपणी ती बाजारात भाजी विकायला यायची आणि ग्रिम बंधूंना त्या गोष्टी सांगायची. सांगितलेलं पुन्हा सांग म्हटलं तर शब्दही बदलायचा नाही, असं विल्हेल्मने तिच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. त्या कथासंग्रहाच्या दोघांनी स्वतः वापरलेल्या, समासात टिपणं केलेल्या प्रतींना २००५ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात स्थान मिळालं. २०१५पासून शहरात ग्रिमवेल्ट हे त्यांचं नवं संग्रहालय आहे.

आणि मग १९४३. कासेलमध्ये हेन्शेलचे कारखाने होते. आगगाडीची इंजिनं बनवणारी ही जुनी कंपनी युद्धात रणगाडे बनवू लागली होती. २२ ऑक्टोबरच्या रात्री ब्रिटिश विमानांनी जुन्या शहरावर बाँब टाकले. लाकडी चौकटींची घरं, अरुंद गल्ल्या. आगीचं वादळ उठलं. सुमारे दहा हजार माणसं मेली. मध्यवर्ती शहर जवळजवळ नाहीसं झालं. फ्रिडेरिसियानुममधली लाखो पुस्तकं त्याआधीच, १९४१च्या हल्ल्यात जळली होती. १९४३मध्ये इमारतही जळाली. उरल्या त्या फक्त भिंती.

त्या ढिगाऱ्यांचं काय झालं ते आज बघता येतं. नदीकाठची कार्ल्सआउए ही दीडशे हेक्टरची जुनी राजबाग आणि वरचं शहर यांच्यामध्ये एक उतार आहे. पडलेल्या घरांचा राबिट तिथे टाकला गेला होता. १९५५मध्ये कासेलला राष्ट्रीय उद्यानप्रदर्शन भरलं तेव्हा हेर्मान माटर्न या उद्यानरचनाकाराने त्या उतारावर गुलाब लावले. आजही त्याला गुलाबांचा उतार म्हणतात. लोक तिथे बसून खालची बाग बघतात. त्यांच्या पायाखाली जुनं कासेल आहे.

त्याच वर्षी, त्याच उद्यानप्रदर्शनाच्या जोडीने, आर्नोल्ड बोडे या स्थानिक चित्रकाराने एक प्रदर्शन भरवलं. बोडे कलाशिक्षक होता. नाझी सत्तेवर आल्यावर त्याची नोकरी गेली होती. ज्या आधुनिक कलेला नाझींनी ‘सडकी’ म्हणून हिणवलं, संग्रहालयांतून उपटून काढलं, जिच्या कलावंतांना देशोधडीला लावलं, ती कला जर्मन लोकांना पुन्हा दाखवायची असं त्याने ठरवलं. जागा निवडली जळक्या फ्रिडेरिसियानुमची. भिंतींना गिलावा नव्हता. बोडेने विटा नुसत्या चुन्याने पांढऱ्या केल्या, खिडक्यांवर प्लास्टिकचे लांबलचक पांढरे पडदे सोडले आणि त्या मऊ उजेडात पिकासो, कांडिन्स्की, क्ले मांडले. एक लाख तीस हजार माणसं आली. हे प्रदर्शन म्हणजे डॉक्युमेंटा. एकदाच भरवायचं होतं, पण लोकांनी ते पुन्हा मागितलं. आता दर पाच वर्षांनी, शंभर दिवस, जगभरची समकालीन कला कासेलला येते.

या आरंभकथेला एक काळी कडही आहे आणि ती अलीकडे उजेडात आली. बोडेचा प्रमुख सहकारी, कलेतिहासकार व्हेर्नर हाफ्टमान, स्वतः नाझी पक्षाचा सभासद होता हे संशोधकांनी दाखवून दिलं. डॉक्युमेंटाला वाद नवे नाहीत. २०२२मध्ये इंडोनेशियातल्या रुआंग्रुपा गटाने संयोजन केलं, तेव्हा एका भव्य पडद्यावरच्या ज्यूद्वेषी चित्रांमुळे तो आधी झाकावा आणि मग उतरवावा लागला. पुढच्या आवृत्तीसाठी कलासंचालक निवडणाऱ्या समितीत मुंबईचे कवी रणजित होस्कोटे होते. इस्रायलविषयक एका जुन्या पत्रावरच्या सहीवरून वादळ उठलं आणि नोव्हेंबर २०२३मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मागोमाग अख्खी समिती पायउतार झाली. आता नेओमी बेकविथ कलासंचालक आहेत आणि पुढची डॉक्युमेंटा १२ जून २०२७ला उघडायची ठरली आहे.

आपल्याकडचे कलावंत या शहरात येत राहिले आहेत. मुंबईत जन्मलेल्या भूपेन खख्खर यांची चित्रं १९९२मध्ये इथे लागली. २००७मध्ये मुंबईचे अतुल दोडिया होते आणि नसरीन मोहम्मदी यांची रेखाटनं होती. अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्याशी ज्यांचं नातं अखेरपर्यंत राहिलं, त्या नसरीनच्या पेन्सिलीच्या काटेकोर रेषा, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. २०१२मध्ये मुंबईच्याच नलिनी मलानी यांनी पारदर्शक फिरत्या नळकांड्यांवर चित्रं काढली आणि त्यांच्या सावल्या भिंतींवर एकमेकींत मिसळू दिल्या.

शंभर दिवस संपले की बहुतेक कलाकृती उतरवल्या जातात. पण प्रत्येक खेपेला एखादी मागे राहते, आणि या मागे राहिलेल्यांनीच कासेलचा चेहरा घडवला आहे. फुल्डाच्या काठावर क्लास ओल्डेनबर्गची बारा मीटरची कुदळ रोवलेली आहे. डोंगरावरच्या हर्क्युलिसने ती तिथून भिरकावली, अशी त्याची कल्पना. कार्ल्सआउएमध्ये जुझेप्पे पेनोनेचं ब्राँझचं झाड आहे, फांद्यांत भला मोठा धोंडा घेऊन उभं. ते इतकं हुबेहूब आहे की बोटांनी वाजवून बघेपर्यंत खात्री होत नाही.

१९७७मधली वॉल्टर डी मारियाची कलाकृती मात्र दिसतच नाही. फ्रिडेरिसियानुमसमोरच्या चौकात वालुकाश्माची एक चौकोनी फरशी आहे आणि तिच्या मधोमध पाच सेंटिमीटर व्यासाची पितळी टिकली. बस्स. ती टिकली म्हणजे सरळ खाली गेलेल्या पितळी कांबीचं टोक. कांब एक किलोमीटर लांब आहे. ७९ दिवस भोक पाडण्याचं काम चाललं, खडकाचे सहा थर भेदले गेले. गावकरी तेव्हा चिडले होते. एवढा पैसा आणि एवढा गोंगाट, तोही न दिसणाऱ्या वस्तूसाठी! मला ती या शहरातली सगळ्यात धाडसी कलाकृती वाटते. त्या टिकलीवर उभं राहिलं की तळपायाखाली हजार मीटर आहेत हे फक्त ठाऊक असतं, आणि ठाऊक असण्यानेच पोटात खड्डा पडतो.

पाच वर्षांनी याच चौकात कलावंत योझेफ बॉइसने सात हजार दगड आणून टाकले. कासेलच्या परिसरातल्या खाणींतले काळे बेसाल्टचे खांब, साधारण माणसाच्या छातीएवढे उंच. १९८२ची डॉक्युमेंटा बघायला आलेल्या लोकांना फ्रिडेरिसियानुमसमोर फक्त हा ढीग दिसला. बॉइसची अट साधी होती. शहरात कुठेही एक झाड लावा, त्याच्या बुंध्याशी ढिगातला एक दगड उभा करा. सात हजार झाडं लागतील तेव्हा चौक रिकामा होईल. पहिलं ओकचं झाड त्याने स्वतः १६ मार्च १९८२ला, ढिगाच्या टोकाशी लावलं. एका झाडाला पाचशे मार्क देणगी. पैसे कमी पडले तेव्हा बॉइसने रशियन झारच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती सर्वांसमोर वितळवून तिचा ससा ओतला आणि तो विकला.

लोक भडकले होते. शहराचा मुख्य चौक म्हणजे दगडांचा उकिरडा झाला, गाड्या लावायला जागा गेली, असं म्हणत होते. एका रात्री कोणी तरी दगडांवर गुलाबी रंग फासला. पण शाळा, मोहल्ले, घरमालक मागणी करू लागले आणि ढीग हळूहळू उतरू लागला. कुठे झाडं लावायची हे बॉइसने एकट्याने ठरवलं नाही. ते ज्याच्या त्याच्या गल्लीत ठरलं. म्हणून आज ती शिस्तीत नाहीत. शाळेच्या आवारात तीन, रस्त्याच्या दुतर्फा चाळीस, एखाद्या कोपऱ्यावर एकच. या कलाकृतीच्या नावात ओक असला तरी सगळी झाडं ओकची नाहीत. लिंडेन आहेत, मेपल आहेत, चेस्टनट, अ‍ॅश, प्लेन आहेत.

बॉइस जानेवारी १९८६मध्ये गेला, तेव्हा चौकात अजून दगड उरलेले होते. १२ जून १९८७ला, पुढच्या डॉक्युमेंटाच्या उद्घाटनाला, त्याच्या मुलाने सात हजारावं झाड लावलं, बरोबर पहिल्याच्या शेजारी. लावताना रोप लहान होतं आणि दगड उठून दिसायचा. आता चाळीस वर्षांनंतर प्रमाण उलटलं आहे. खोड जाड झालं, मुळांनी काही दगडांना कलतं केलं, दगड तेवढाच राहिला.

झाडं आहेत म्हणजे ती आजारी पडतात, वादळात मोडतात, बांधकामाच्या आड येतात. मग त्या जागी नवं झाड लावलं जातं आणि जुना दगड त्याच्या सोबतीला ठेवला जातो. या सगळ्याची देखभाल करायला शहरात वेगळी संस्था आहे. कासेलच्या रस्त्यांतून चालताना बुंध्यांकडे लक्ष ठेवा. काळा खांब दिसला की ते झाड त्या सात हजारांतलं समजावं, आणि खोड बारीक असेल तर ते झाड तिथलं दुसरं आहे.